चौथा डबा

सुरतच्या जुन्या मिशनच्या आवारात अनुसयाबाई एकवीस वर्षं झाडलोट करत आली आहे. तेवढ्या काळात सहा फादर बदलले, ही बदलली नाही. कुठल्या थडग्यावर कोणाचं नाव, विहिरीच्या कठड्यावर कोणतं साल, कोणता दगड कुणी उलटा बसवला, सगळं तिला तोंडपाठ. शिक्षण विचाराल तर चौथी पास, तीही धुळे जिल्ह्यातल्या शाळेत. पुढचं सगळं तिने फादरांना, आचाऱ्याला, पणजोबांची थडगी शोधत आलेल्या गोऱ्या पाहुण्यांना विचारून विचारून गोळा केलं. विचारायला ती लाजली नाही. लाजायचं कशाला?

मग शाळेत शिकवणाऱ्या नेहाने मिशनमध्ये एक खेळ आणला. मोबाइलवर ठिपका दिसतो, ठिपक्यापर्यंत चालत जायचं, तिथे लपवलेला डबा हुडकायचा. आतल्या वहीत नाव लिहायचं, आतली एखादी बारकी वस्तू घ्यायची, आपली ठेवायची आणि डबा पुन्हा होता तिथे. मिशनच्या इतिहासाच्या पाच जागा, पाच डबे. जागा कुणी दाखवल्या? अनुसयाबाईने. डबे कुणी लपवले? तिनेच.

"मग माहितीही मीच सांगणार," ती म्हणाली. "दर महिन्याच्या पहिल्या रविवारी."

हे मुकुंदरावांना रुचलं नाही. बँकेतून निवृत्त झालेले मुकुंदराव पाहुण्यांना मिशन दाखवायच्या फेऱ्यांचे प्रमुख. "बाई, इतिहास सांगायला अभ्यास लागतो."

"तुम्ही चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा आत आलात ना साहेब? फाटक मीच उघडलं होतं. थडगी कुठे आहेत, तेही मलाच विचारलंत."

नेहा खाली बघून हसली. मुकुंदरावांनी अट घातली: या रविवारी चार गट येतील. बाराच्या आत पाचही डबे सापडले तर फेरी बाईंची. पण डब्याकडे बोट दाखवलं की बाद.

"मंजूर," अनुसयाबाई म्हणाली.

रविवारी कोसाडच्या वसाहतीतून चार गट आले. सगळी खान्देशातून आलेली, लूमवर आणि साड्यांच्या कामावर पोट असलेली माणसं. पुढे अनुसयाबाईची सून चंचल. पहिला डबा घंटेमागे दहा मिनिटांत सापडला. दुसरा विहिरीपाशी, तिसरा थडग्यांच्या भिंतीत. लोकांना चेव चढला होता. चौथ्यापाशी, चिंचेखाली, मात्र गाडी अडली. साडेअकरा झाले तरी वहीत एक नाव नाही.

अनुसयाबाई तरातरा चिंचेपाशी गेली. बघते तर चारही गट दहा पावलं लांब, मोबाइल हातात धरून पुतळ्यासारखे उभे.

"काय वं चंचल, ठिपका कुठे दाखवतोय?"

"तिथेच दाखवतोय, आत्या. पण तिथे कोणी तरी नजर काढून उतारा टाकेल शे." चंचलने पदर सावरला. "लाल फडकं, काळा दोरा, बांगडीही दिसते. त्यात तीन वाटा मिळतात तिथे. हात नको लावा वं माय!"

"मासी, हिंट आपो ने!" सुरतेतच वाढलेली एक पोरगी मागून गुजरातीत हिंट मागत ओरडली.

अनुसयाबाईने चिंचेच्या बुंध्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. डब्यात मुंग्या जाऊ नयेत म्हणून तिनेच काल चंचलच्या साडीकामातला लाल तुकडा गुंडाळला होता. पांढरा दोरा तुटतो म्हणून काळा बांधला. सकाळी खारीने फडकं कुरतडलं असणार, झाकण निसटून आतली बांगडी बाहेर डोकावत होती. दुसऱ्या कुणी ठेवलं असतं तर ती स्वतःच तीन हात लांबून गेली असती. आता सांगायची सोय नाही. मुकुंदराव घड्याळ बघत शेजारीच उभे.

संताप आला तिला. आधी स्वतःचा, मग सगळ्यांचा. आणि संतापाच्या भरातच ती मोठ्याने बोलायला लागली.

"ऐका सगळे! इथे, याच जागी, मिशनच्या एका साधूचं औषधाचं झोपडं होतं. तपकिरी झगा, कमरेला दोरी, पायात फाटक्या वहाणा. गोपाल आचारी मला सांगायचा, पुस्तकात आहे की नाही ते मला माहीत नाही. साधूने लाल कापडात पुडी बांधून ठेवली की लोक पळायचे. म्हणायचे, परदेशी जादू! पोर तापाने फणफणतंय आणि बाप लांब उभा. तुमच्यासारखाच!"

"बाई," मुकुंदराव म्हणाले, "सांगायचं नाही असं ठरलं होतं."

"डब्याचं कुठे सांगते? इतिहास सांगते. बोट बघा, कमरेवर आहे." हात खरंच कमरेवर होते. "मग पाणी भरणारी एक बाई पुढे झाली. म्हणाली, मरायचं तर बघून मरू. सोडली पुडी. आत काय निघालं?"

चारही गटांतल्या माना पुढे झाल्या.

"सुंठ! जिला घाबरत होते ती यांच्याच घरातली सुंठ!"

हसू फुटलं. चंचल सासूकडे बघत राहिली. मग फडक्याकडे बघितलं, आणि तिला तो लाल रंग ओळखू आला.

"आत्या! हा तर माझ्या कामातला तुकडा!"

"मी काही बोलले नाही," अनुसयाबाई आभाळाकडे बघत म्हणाली.

चंचलने देवाचं नाव घेत दोरा सोडला. आत वही, बांगडी, छोटा आरसा. चार गटांची नावं भराभर लिहिली गेली. पाचव्या डब्याकडे निघायचं तर कुणी मोबाइल काढेना. सगळे अनुसयाबाईच्या मागे. वाटेत दर दगडापाशी कुणी तरी विचारतंय, हे काय, ते काय, आणि ती सांगतेय. पाचवा डबा बाराला सात मिनिटं कमी असताना मिळाला.

मुकुंदराव तिच्याजवळ आले. घसा खाकरला. "त्या पाणी भरणाऱ्या बाईचं नाव काय होतं हो?"

"माहीत नाही."

"काही तरी असेलच ना?"

"असेल. मला कुणी सांगितलं नाही. मग मी कशाला बनवून सांगू?"

मुकुंदरावांनी खिशातून डायरी काढली. पुढच्या महिन्याचं पान उघडलं. "पहिल्या रविवारी, आठला ठेवू या?"

"साडेसात," अनुसयाबाई म्हणाली. "नंतर ऊन होतं. आणि वेळेवर या साहेब, मी कुणासाठी थांबत नाही."