आईची टोळी

वरवंडला आमच्या आईची टोळी होती, ती आणि मी धरून अकरा बायकांची. खुरपणी, कांद्याची लागण, काढणी, जे काम निघेल ते. संध्याकाळी शेतवाले दारात येऊन सांगायचे की उद्या इतक्या बायका पाहिजेत. कुणाच्या रानात जायचं, दिवसाच्या मजुरीचा रोज किती घ्यायचा, सुट्टी किती वाजता, हे आईच ठरवायची. आईचा एक शब्द पक्का होता. रोज सगळ्यांना सारखाच मिळाला पाहिजे.

टोळीत धनगराघरची एक म्हातारी होती. आम्ही तिला आजी म्हणायचो. तिला दिसायचं कमी, हातही हळू चालायचा. आई तिला माझ्या आणि स्वतःच्या मधल्या वाफ्यात बसवायची. आम्ही दोघी आपापला वाफा उरकता उरकता तिच्याही वाफ्यातलं थोडं थोडं खुरपून टाकायचो.

मी दहावीला होते त्या साली पाऊस लांबला. जिरायती रानात खुरपायला काही उगवलंच नाही. काम होतं ते फक्त भांडगावच्या बाजूच्या एका आप्पांकडे, कारण त्यांना कालव्याचं पाणी होतं. ते आले आणि म्हणाले, दहा जणी द्या, म्हातारीला आणू नका. एरवी आईनं सरळ नाही म्हटलं असतं. पण पंधरा दिवस सगळ्या घरी बसून होत्या, आणि आप्पांना दुसऱ्या गावाहून बायका मिळत होत्या. हे दोघांनाही माहीत होतं. आईनं बायकांना गोळा करून सगळं सांगितलं. आजीच पुढे होऊन म्हणाली, "माझ्यापायी घरी बसू नगा. जावा तुम्ही."

आम्ही दहा जणी गेलो. दुपारी भाकरी सोडली तेव्हा आईनं तिच्यातला निम्मा तुकडा फडक्यात तसाच ठेवला. संध्याकाळी घरी जायच्या आधी तो आणि थोडी भाजी घेऊन ती आजीच्या खोपटाकडे वळली. मी बाहेर थांबले. आई बाहेर आली तेव्हा फडकं रिकामं होतं.

पुढच्या वर्षी कुरकुंभच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला मुली घेऊ लागले. ठेकेदाराचा टेम्पो हायवेला यायचा. दहावी पास पाहिजे, वय कमी पाहिजे. आमच्या टोळीतल्या तरण्या पाच जणी तयार झाल्या, त्यात मी एक. मला आईला सांगायचा धीर होईना. टोळी आधीच लहान, त्यात तिचीच पोरगी निघून जाणार. दोन दिवसांनी तिनंच विषय काढला. "टेम्पो कितीला येतो?" एवढंच तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी माझा डबा भरून ती हायवेपर्यंत आली आणि टेम्पो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली.

उन्हाळ्यात कांदा काढायला आला. सगळीकडे एकदमच आला, आणि बायका कुठेच पुरेनात. आप्पा दारात आले, चहा घेतला, रोज वाढवून देतो असं स्वतःहून म्हणाले. आई म्हणाली, "आमी सहाच जणी हाय. आन् सहावी आजी हाय."

आप्पांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आणा आक्का. त्यांना रानात बसवू नका. कांदाचाळीच्या सावलीत कांदा निवडत्याल."

हे मला आजीनं सांगितलं. मी ड्युटीवरून आले तेव्हा ती आमच्या ओट्यावर बसून होती. मी टोळी सोडल्याचं मनात बोचत होतं, म्हणून मी तिच्याशी नीट बोललेही नव्हते. तिनं माझा हात धरला.

"तुमी पोरी गेल्या म्हणून मला बोलावणं आलं बग," ती म्हणाली. "रोज पण वाढला. सगळ्यींचा."

कंपनीत जाण्याकडे मी कधी असं पाहिलंच नव्हतं. गेलो आम्ही पाच जणी, आणि भाव वाढला मागे राहिलेल्यांचा.

कंपनीत लागून सात महिने झाले आणि ठेकेदारानं आम्हाला ब्रेक दिला. कायम करायला लागू नये म्हणून मध्येच घरी बसवायचे. मी खाली मान घालून घरी आले. सकाळी आईनं विळा आणि पाण्याची बाटली पुढे ठेवली. माझे हात मऊ पडले होते, पहिल्याच दिवशी फोड आले. आईनं त्यांवर हळद-तेल लावलं आणि म्हणाली, "परत बोलावलं तर जा. पर टेम्पोत बसायच्या आदी इचार, ब्रेक कवा देणार. पाची जणींनी मिळून इचारा."

दोन महिन्यांनी टेम्पो आला तेव्हा आम्ही पाची जणी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो आणि विचारलं. ठेकेदार हसला, मग चिडला. म्हणाला, दुसऱ्या मुली मिळतील. आम्ही हललो नाही. त्या महिन्यात गावोगाव कांद्याची लागण चालू होती आणि टेम्पो निम्मा रिकामा होता. शेवटी त्यानं दिवाळीपर्यंत ब्रेक देणार नाही असं कबूल केलं, आणि ते पाळलंही.