खोबणीतलं कुंकू

मला पालीची किळस येत नाही, झुरळाची येत नाही. शेणाच्या पाट्या उचलत मी मोठी झाले. मला किळस येते ती 'चालतंय की' या दोन शब्दांची. आमच्या शिरोळकडे पाइप गळत असो, ट्रॉलीचा बोल्ट ढिला असो, नाहीतर कुणी धडधडीत खोटं बोललेलं असो, सगळ्यावर हा एकच लेप लावतात आणि चहा प्यायला बसतात.

कंपाउंड धनुष्याचं असं चालत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना दोन चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. कॅमच्या खोबणीत तार बसलेली असते. तार ओढली की दोन्ही कॅम सरळ फिरून एकाच क्षणी थांबायला हवेत. एखादा किंचित कलला तरी बाण तिरका सुटतो. म्हणून जुळणी करायची आणि ती कागदावर तपासायची. लाकडी चौकटीत वर्तमानपत्राचं पान ताणून बसवायचं, जवळून त्यातून बाण मारायचा. पानाला स्वच्छ गोल भोक पडलं तर धनुष्य जुळलं. पान एका अंगाला फाटलं तर घोळ आहे, एकतर धनुष्यात, नाहीतर ते धरणाऱ्या हातात.

लग्नाआधी मी जिल्ह्याकडून खेळायचे. मग बाळंतपण आलं, धनुष्य माळ्यावर गेलं. लेक चालायला लागली तशी मी ते खाली काढलं. दसऱ्यानंतर कोल्हापुरात राज्य संघाची निवड चाचणी होती आणि मला त्या संघात जायचं होतं. दूध संघातल्या नोकरीवरून आले की गोठ्यामागे चौकट उभी करायची आणि बोल्ट पाव फेरा इकडे, तार जराशी तिकडे करत बसायचं. सगळा गणेशोत्सव त्यात गेला. घटस्थापनेच्या संध्याकाळी पानाला गोल भोक पडलं. पुन्हा मारला, पुन्हा गोल. ते पान मी लेकीला दाखवलं. तिला काय कळणार, पण दाखवल्याशिवाय राहवेना.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. सोप्यात घोंगडं अंथरून त्यावर पणजोबांची गंजकी तलवार, ऊसतोडीचे कोयते, फवारणीचा पंप, पान्यांची पेटी असं सगळं मांडतात. अंगणात ट्रॅक्टरला हार घालतात. सासऱ्यांना धनुष्यही हवं होतं.

"मामा, धनुष्य नको," मी म्हटलं. "ते नाजूक आहे."

"आगं, हत्यार हाय न्हवं ते? मग नवमीला त्याला फूल नगं व्हय?"

त्यांचा मान ठेवून मी ते आणून मांडलं आणि सगळ्यांसमोर बजावून सांगितलं, की फूल वाहा, कुंकू लावा, पण कुणी तार ओढू नका. बाण न लावता तार सोडली तर सगळा जोर धनुष्याच्याच अंगावर येतो आणि त्याची हाडं खिळखिळी होतात. नवऱ्यानं मोठ्यानं "कुणी हात लावायचा न्हाय हं" असं वर सांगितलंसुद्धा. मग मी कडाकण्या तळायला आत गेले. बाहेर ट्रॅक्टरच्या चाकावर नारळ फुटत होते. तेवढ्यात एक आवाज जरा जास्तच कडाडला, पण मी तेलासमोर होते. म्हटलं, असेल नारळच.

दुसऱ्या दिवसापासून पान फाटायला लागलं. कधी डावीकडे, कधी डावीकडे आणि खाली. मी बाणाखालचा टेकू सरकवला, बाण बदलले, तारेवरची खूण बदलली. काही केल्या गोल भोक पडेना. नवरा रोज संध्याकाळी माझ्या मागे उभा राहून मोबाइलवर शूटिंग करायचा आणि मला दाखवायचा.

"बघ, सोडताना तुझा हात वळतोय."

मला वळलेला दिसायचा नाही. पण रोज कुणी तेच सांगत राहिलं की दिसायला लागतो. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातून म्हणायच्या, "बाळंतपणानं मनगाट ढिलं पडतंयच बाई." मी मनगटाला पट्टी बांधली. पाण्याची भरलेली कळशी हात ताठ करून धरायला लागले. रात्री लेकीला थोपटताना आपलाच हात परका वाटायचा. माझ्या हातात आता दम राहिला नाही, हे मी मनोमन कबूल करून टाकलं.

चाचणीला नवरा धनुष्याची पेटी मांडीवर घेऊन माझ्यासोबत आला. माझे बाण एकत्र पडेनात. एक मधल्या पिवळ्यात गेला की पुढचा बाहेरच्या निळ्यात. शेजारची मुलगी खाली मान घालून स्वतःचे बाण उपटत होती, माझ्या निशाणाकडे तिनं बघितलंही नाही. यादीत माझं नाव आलं नाही. नवऱ्यानं उसाचा रस पाजला आणि म्हणाला, "जाऊ दे. पुढच्या वर्षी."

घरी येऊन मी तार उतरवायला घेतली. आता धनुष्य माळ्यावरच जाणार होतं, निदान पुसून तरी ठेवावं. खालच्या कॅमवरची तार बाजूला झाली आणि खोबणीच्या तळाला लाल रेघ दिसली. कुंकू. तारेखाली दाबलेलं, तिच्या पिळाचा ठसा उमटलेलं.

पूजेचं कुंकू वरून पडतं. खोबणीत तार घट्ट बसलेली असताना ते तिच्याखाली जाणं शक्य नाही. म्हणजे पूजेनंतर तार निसटली होती आणि कुणीतरी ती परत बसवली होती. मी कॅम फिरवून बघितला. तो हलत होता, सायकलच्या वाकलेल्या चाकासारखा.

मी धनुष्य तसंच उचलून सोप्यात नेलं. सगळे चहा पीत होते. तार कशी निसटली, ते विचारलं. मग आत्याच म्हणाल्या, "धाकट्या मामांनी वढून बघितलं गं जरा. सनाचा दिस, थोरलं माणूस, त्यास्नी काय बोलायचं?" धाकटे मामा म्हणजे चुलत सासरे. पणजोबांच्या तलवारीच्या गप्पा मारता मारता त्यांनी धनुष्य ओढलं आणि दिलं सोडून. तार निसटली. मग माझ्या नवऱ्यानं पूजेतलीच पान्यांची पेटी उघडली, बोल्ट सैल केले, तार खोबणीत कोंबली, बोल्ट आवळले आणि धनुष्य पुन्हा फुलात ठेवलं. मी कडाकण्या घेऊन बाहेर आले तेव्हा हे सगळे हात जोडून आरतीला उभे होते. मीही त्यांच्यात उभी राहिले.

"बसवली हुती की नीट," नवरा म्हणाला. "वाटलं, चालतंय."

"आणि माझा हात?" मी विचारलं. "रोज हात वळतोय म्हणत होता ते?"

तो कपाकडे बघत म्हणाला, "तू सारखं इचारायचीस, का फाटतंय, का फाटतंय. कायतरी सांगायला नगं व्हय?"

धाकट्या मामांचा मला राग आला, पण तो माणूस अडाणी हौसेचा आहे, त्याचा राग टिकत नाही. बाकीच्यांनी माझ्या हातचं खाल्लं, मी कळशी धरून थरथरत असताना दारात उभं राहून बघितलं आणि एकालाही घास अडकला नाही.

वर्षभरानं नवा कॅम बसवलाय. जुळणी पुन्हा पहिल्यापासून चालू आहे. धनुष्य आता ऑफिसच्या कपाटात कुलपात असतं. यंदा खंडेनवमीला सासऱ्यांनी ते मागितलं, मी नाही म्हटलं, ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ती शूटिंगं मी अजून पुसलेली नाहीत. मधूनच एखादं लावते. त्यात माझा हात दिसतो, खांद्यापासून बोटांपर्यंत सरळ, बाण सुटून गेल्यावरही जागचा न हललेला. आणि मागून त्याचा आवाज येतो, "बघ, वळला की न्हाय?"