चुकता चुकता राहिलेलं चहाला सांगायचं

ऑपरेशन थिएटरमधले किस्से बाहेर पडत नाहीत. म्हणजे पडत नव्हते! चूक होता होता राहिली की सगळे घाम पुसायचे आणि पुढचा पेशंट घ्यायचे. अलिबागच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात मी थिएटर सिस्टर, त्यामुळे माझ्या पोटात असले किस्से भरपूर साठलेत.

शेवटी हाडांच्या पाटील सरांनी फर्मान काढलं, "ऑपरेशनं संपली की चहाला बसायचं. काय चुकता चुकता राहिलं ते सांगायचं. कोणी ओरडणार नाही. सांगेल त्याला पहिला वडा!"

पहिल्या दिवशी वडे गार झाले. थळचे वॉर्डमामा म्हणाले, "आपल्याकडं असला काय व्हतच न्हाय, सर!"

*

तोंड उघडलं ते भूल देणाऱ्या फरीदा मॅडमनी. दोन औषधांच्या बाटल्या सारख्याच दिसणाऱ्या, ट्रेमध्ये शेजारी शेजारी. सिरिंजमध्ये भलतंच भरलं होतं, टोचता टोचता लक्षात आलं!

"अल्लाने वाचवलं. पण त्याला रोज ड्युटी लावायची का? ट्रे वेगळे करा."

पहिला वडा त्यांनीच खाल्ला.

*

मग मामांना धीर आला. त्यांनी बाहेर नाव पुकारलं, एक काका उठले आणि निमूट ट्रॉलीवर झोपले. थिएटरच्या दारात कळलं, हे पेशंटचे चुलतभाऊ, नाव तेच, सोबत म्हणून उरणहून आलेले!

"अहो, बोलायचं नाही का?" मी काकांना विचारलं.

"डॉक्टरला न्हाय कसा म्हनायचा?"

आता आम्ही नाव पुकारत नाही, पेशंटलाच त्याचं नाव विचारतो.

*

तरी माझा जीव थाऱ्यावर नसायचा. सर सगळ्यांचं ऐकायचे, स्वतःचं कधीच सांगायचे नाहीत. यांचं काहीच चुकत नसेल? त्यात माझा डावा गुडघा बिघडला आणि ऑपरेशन सरांकडेच ठरलं. मला जाम भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू!

*

कमरेत इंजेक्शन दिलेलं. दोन्ही पाय बधिर, डोकं टक्क जागं, समोर हिरवा पडदा. पलीकडे कुठला पाय धुतायत ते कळेना. विचारावं तर सर काय म्हणतील!

"ब्लेड," सर म्हणाले.

मी कान टवकारले.

"थांबा," सर म्हणाले. "मी उजवा गुडघा कापायला घेतला होता."

मॅडम माझ्याकडे बघेनात.

"सिस्टर... ऐकलंत?"

"ऐकलं, सर. आधी डावा करा. आज पहिला वडा तुमचा!"