आतले साहेब

त्या दुकानात लॅपटॉप दुरुस्तीला टाकणाऱ्या माणसाला दोन गोष्टी लगेच कळायच्या. एक म्हणजे काउंटरवर बसणारा गोड बोलतो. दुसरी म्हणजे खरं काम आत बसणारे साहेब करतात, आणि साहेब कुणाला भेटत नाहीत. काउंटर आणि आतली खोली यांच्यामध्ये जाड निळा पडदा होता. बिघडलेलं मशीन पडद्याखालून आत सरकायचं आणि दोन दिवसांनी धडधाकट होऊन बाहेर यायचं. पडद्याआड साहेब नव्हतेच. तिथे वहिनी होती.

वहिनी म्हणजे काउंटरवरच्या माणसाची थोरली भावजय. दुकान तिच्या नवऱ्याने काढलेलं. त्याची नजर अधू व्हायला लागली तेव्हा बारीक स्क्रू काढून द्यायला ती शेजारी बसू लागली. वर्षभर तो सांगायचा आणि ती करायची, मग ती करायची आणि तो नुसता बसायचा. तो गेल्यावर धाकटा दीर नोकरी सोडून काउंटरवर आला. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने आत डोकावून विचारलं, "ह्या उघडणार माझं मशीन?" आणि लॅपटॉप काखेत मारून तो चालता झाला. दुसऱ्या दिवशी दिराने पडदा लावला आणि साहेब जन्माला घातले. "चार महिन्यांचा प्रश्न आहे, वहिनी. लोकांचा विश्वास बसला की काढून टाकू," तो म्हणाला. तिला तेव्हा हसू आलं होतं. तिने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं होतं, आणि त्याबद्दल तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही. चार महिन्यांची आठ वर्षं झाली.

तिची कामाची पद्धत ठरलेली होती. मशीन उघडायच्या आधी ती कोऱ्या कागदावर त्याच्या तळाची आकृती काढायची आणि निघालेला प्रत्येक स्क्रू आकृतीत त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवायची. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला की तो खालच्या बोर्डात घुसतो आणि मशीन कामातून जातं. हे शंभरातल्या नव्वद कारागिरांना माहीत असतं, आणि त्यातले ऐंशी तरीही सगळे स्क्रू एकाच वाटीत टाकतात. वहिनीने आठ वर्षांत एकही बोर्ड वाया घालवला नव्हता.

येणारी मशीन बहुतेक स्वस्तातली असायची. लोकांनी पोटाला चिमटा काढून घेतलेली, दोन वर्षांत रडकुंडीला आणणारी. चालू करून माणूस आंघोळ उरकून आला तरी स्क्रीनवर चकरी फिरतेच आहे, अशी. "जोर वाढवून द्या," लोक म्हणायचे. दिराला अशा वेळी रॅम विकायला फार आवडायचं. चार जीबीचे आठ, आठाचे सोळा; आकडा दुप्पट झाला की गिऱ्हाईक खूश. आतून मात्र चिठ्ठी यायची: 'आधी डिस्क बदला. फिरती काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला. रॅम चार असेल तर मग आठ करा, सोळाची गरज नाही. बॅटरी दमली असेल तर ती. बाकी कशावरही खर्च करू नका.' दीर कपाळाला आठ्या घालायचा, पण वाचून दाखवायचा. साहेबांच्या चिठ्ठीमुळेच लोक परत येतात, एवढं त्याला कळत होतं.

अशातच गावातल्या शिवणकला संस्थेचं काम चालून आलं. तिथे बायकामुली लॅपटॉपवर कपड्यांची डिझाइन काढायला शिकत. बत्तीस लॅपटॉप होते, सगळे रखडणारे. संस्थेच्या संचालिकाबाई स्वतः आल्या. एकेका मशीनवर एकच वस्तू बदलता येईल, जास्त परवडणार नाही, तर कोणती बदलावी, हे त्यांना लेखी हवं होतं. ते पटलं तर या बत्तीसचं काम आणि पुढची सगळी देखभाल याच दुकानाला.

दीर पडदा सारून आत आला आणि स्टूल ओढून बसला. "वहिनी, एवढं काम मिळवून द्या. मग हा पडदा गेलाच म्हणून समजा. तुमचं टेबल पुढे काचेजवळ मांडू. पाटीवर तुमचं नाव घालू."

"नक्की का, भाऊजी?"

"आता लिहून देऊ का?"

लिहून घ्यायला हवं होतं. पण घरच्या माणसाकडून लिहून घेणं तिला जमलं नाही.

तिने संस्थेतून तीन लॅपटॉप मागवले. पहिला होता तसा ठेवला. दुसऱ्यात फक्त रॅम वाढवली, तिसऱ्यात फक्त डिस्क बदलली. मग घड्याळ लावून तिन्ही चालू केले, डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं, तेच चित्र तीनदा सेव्ह केलं. पहिल्याला चालू व्हायला चार मिनिटं लागली. रॅमवाल्याला पावणेचार. डिस्कवाल्याला वीस सेकंद. मग ती संस्थेत जाऊन उरलेले एकोणतीस उघडून आली. तिथल्या शिपाईबाईंना ती साहेबांची मदतनीस वाटली. बाहेरून सगळे एकसारखे, पण बारा मशीनमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली निघाली, वाढवायला जागाच नाही. तिथे रॅम विकणं म्हणजे निव्वळ शेंडी लावणं. तिने पाच पानं लिहिली. इतक्या मन लावून तिने आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

अहवाल वाचून संचालिकाबाईंचा निरोप आला: काम तुम्हालाच द्यावं असं वाटतंय, पण आधी साहेबांशी समोरासमोर बोलायचंय.

वहिनीने त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसली. दुकानात आली तर पुढे काचेजवळ एक नवीन टेबल मांडलेलं. ती लगबगीने त्याच्याकडे गेली. मग टेबलामागची खुर्ची वळली. खुर्चीत जावेचा भाऊ, म्हणजे दिराचा मेहुणा, बसला होता, कडक कॉलरचा शर्ट घालून, हातात तिची पाच पानं. त्याने आजवर लॅपटॉपचं झाकण तेवढं उघडलं होतं.

"आजच्या दिवसापुरतं," दीर खालच्या आवाजात म्हणाला. "बाईंच्या डोक्यात साहेब बसलेत. आता साहेबांऐवजी बाईमाणूस पुढे केलं तर आठ वर्षं थापा मारल्या असं होईल. काम हातचं जाईल, वहिनी."

ती पडद्याआड गेली. संतापाने तिने पेचकस खणात टाकला. तरी कान बाहेरच होते.

जावेच्या भावाने पानं बरी पाठ केली होती. फक्त डिस्क बदला, रॅम नको, बाकी काही नको. वीस सेकंद म्हणताना तर त्याने चुटकीसुद्धा वाजवली. मग संचालिकाबाईंनी विचारलं, "पण मुलींची दोन वर्षांची डिझाइन आहेत त्या जुन्या डिस्कवर. त्यांचं काय?"

हे पानांत नव्हतं. तिच्या हिशेबी ते सांगायची गरजच नव्हती.

"नवी डिस्क म्हणजे सगळं नवं कोरं," तो ऐटीत म्हणाला. "जुन्या आम्ही मोडीत काढतो."

पडदा केव्हा बाजूला सारला ते वहिनीला कळलंही नाही. "नाही हो, बाई! एक चित्र जाणार नाही. आधी जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नवीवर उतरवायची. मुलींनी स्वतः बघून सही केली की मगच नवी बसवायची. आणि जुन्यावर मुलीचं नाव घालून महिनाभर ती जपून ठेवायची. मी आजवर असंच करत आलेय."

संचालिकाबाईंनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "वा! साहेबांच्या हाताखाली राहून बरंच शिकलात की तुम्ही."

"साहेब मीच आहे," वहिनी म्हणाली. "तो अहवाल माझा आहे. आत कधीच दुसरं कुणी नव्हतं."

जावेच्या भावाने दिराकडे पाहिलं. मग दीर मोठ्याने हसला. "बघा, बाई! आमच्या वहिनी अशाच. साहेबांची रोज फिरकी घेतात." जावेचा भाऊ हसला. संचालिकाबाईही हसल्या, अगदी मोकळेपणाने, आणि वहिनीच्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "अशी विनोदी माणसं हवीत हो कामाच्या ठिकाणी." बायकांना कामाला लावणारी संस्था चालवत होत्या त्या.

काम मिळालं. बत्तीस डिस्क वहिनीने बदलल्या. एखाद्यात लांब स्क्रू पिळावा असं तिच्या मनात आलं नाही असं नाही, रोज आलं. पण मशीनने काय पाप केलं होतं? आणि त्या मुलींनी? तिने एकेक नक्कल तपासली आणि प्रत्येक मुलीची सही घेतली. एकही चित्र हरवलं नाही. चांगलं काम केल्याची अशी चीड तिला पूर्वी कधी आली नव्हती.

"आणि पडदा, भाऊजी?" तिने एकदा विचारलं.

"आता कसं काढता येईल? बाई येत-जात राहणार. साहेबांना पुढेच बसवावं लागेल," दीर म्हणाला, आणि आवाज मऊ करून पुढे म्हणाला, "तुम्हाला आत निवांत असतं, वहिनी."

महिन्याभराने संस्थेचं आभाराचं पत्र आलं. जाड कागद, खाली संचालिकाबाईंची सही. मजकुरात साहेबांच्या ज्ञानाची, प्रामाणिकपणाची आणि नम्रपणाची स्तुती होती. दिराने ते चौकटीत बसवून आणलं. जावेचा भाऊ खिळा ठोकायला गेला आणि त्याने भिंतीचा पोपडा काढला, वर अंगठा ठेचून घेतला.

दिराने पडदा सारून हातोडी आत पुढे केली. "वहिनी, जरा या. हे तुमच्याच हाताने नीट होईल."

ती बाहेर आली, खुर्चीवर चढली, आणि तीन ठोक्यांत खिळा सरळ बसवला.