माझे कान शाबूत आहेत

त्या संध्याकाळी आम्ही दोघा नवरा-बायकोनं पाणी गाळलं. जुन्या लुगड्याचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. टँकरचं पाणी — लई गढूळ, त्यात काड्या. ती म्हणाली, "नीट धरा की. गाडी चुकंल म्हणून आत्तापास्नंच निघालात काय?" मी हसलो. त्यानंतरचं मात्र आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पोटच्या लेकीलाही नाही.

दुष्काळात आमची मेंढरं विकली गेली. शेंद्र्याला कंपन्या आल्या होत्या, तिथं कामाला लागलो. आमच्यात कामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत — काम बिघडतं म्हणतात. एकदा तिनं मारली. भाकरी घरीच राहिली होती. मी वळलो, आणि फाट्यावरनं कंपनीची गाडी निघून गेली. मुकादमानं गेटावरच अडवलं. "मेंढरांमागंच बरा होतास तू. जा, त्यांना घड्याळ दाखव." काम गेलं. मग शहरात, औरंगपुऱ्यात दुकानांपुढं हमाली केली.

तेव्हापासून सवय लावून घेतली. भाकरी संध्याकाळीच बांधून ठेवायची. चपला दाराकडं तोंड करून. आणि एकदा निघालो की मागं बघायचं नाही — घर जळालं तरी. मागनं हाक मारायची नाही, असं मीच तिला बजावलं होतं. पुढं दुसऱ्या कंपनीत लागलो. कधी उशीर नाही. साहेब नव्या पोरांना माझ्याकडं बोट दाखवायचा. चुकीतनं शहाणा झालो, असं मला वाटायचं. आणि ती? तिनं पुन्हा कधी हाक मारली नाही. एकदा डबा विसरलो, तर तो हातात धरून दारातच उभी राहिली — मुकी, लेकीनं मागाहून सांगितलं. हे ध्यानात ठेवा.

टँकरवाले पाणी गावच्या कोरड्या विहिरीत ओतायचे. काठावर उभं राहून पाणी शेंदायचं. काठाचे दगड सुटलेले होते, साऱ्या गावाला ठाऊक.

त्या विहिरीतच ती सापडली. बायांनी विचारलं, लेकीनं विचारलं — तुम्ही त्याच वाटेनं गेलात ना? मी म्हणालो, मशिनींच्या आवाजानं कान गेलेत, काही ऐकू आलं नाही. आणि मग तसंच वागत राहिलो. लेक अजून माझ्याशी मोठ्यानं बोलते, घसा बसेपर्यंत. तिनं कानाचं यंत्र आणून दिलं. ते डबीतच पडून आहे. काय करू त्याचं? कान शाबूत आहेत माझे. लिंबावर कावळा येऊन बसला तरी कळतं.

पाणी गाळलं त्याच्या दुसऱ्या सकाळी अजून उजाडलं नव्हतं. गर्दी व्हायच्या आत म्हणून ती माझ्या आधीच घागर घेऊन गेली होती. मी विहिरीवरनं गेलो. ती वाकलेली दिसली. फाट्यावर गाडीचे दिवे दिसत होते. थोडा पुढं गेलो — आणि मागं दगड घरंगळला. मग, "आवं."

तिची हाक. इतक्या वर्षांत पहिली. ती उगाच मारणार नाही, हे मला ठाऊक नव्हतं का?

होतं.

दुसऱ्यांदा आली. "आवं, या की." पहिलीपेक्षा खालून.

मी पाय उचलले. गाडी गाठली. खिडकीजवळची जागा मिळाली, तिथं बसलो.