आमचे लग्न जुळवणारे बिशपसाहेब

बिशप पास्कोल लोपीस यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, हे कळताच आम्हा कलकत्त्याच्या मराठी मंडळींत लेख लिहिण्यासाठी चढाओढच लागली. मी हट्टाने पुढे घुसलो. माझा हक्कच तसा आहे. माझा संसार त्यांच्यामुळे उभा राहिला!

फाळणीनंतरचे दिवस. सरकारी नोकरीत बदली होऊन मी नुकताच इथे आलो होतो. डमडमजवळच्या निर्वासितांच्या छावणीत दूध वाटायला माणसे हवीत, असे कचेरीत ऐकले आणि शनिवारी दुपारी तिथे गेलो. पांढरा झगा वर खोचून चिखलात बांबू रोवणाऱ्या एका गृहस्थांनी नाव विचारले. "वामन आपटे," म्हणताच ते मराठीत ओरडले, "अरे, मी वसईचा! ये, ये!"

तेव्हा ते फादर होते. मी उत्साहाने दुधाचे भांडे उचलले, तर त्यांनी ते काढून घेतले.

"बंगाली येतं?"

"नाही."

"मग आधी शीक. ज्याच्या हातात पेला द्यायचा, त्याला नावानं हाक मारता आली पाहिजे. नाहीतर ती भीक होते रे."

मला शिकवण्याचे काम त्यांनी छावणीच्या शाळेतल्या मंजरी सेन यांच्यावर सोपवले. वर्षभरात मला बंगाली आले, आणि मंजरीवाचून करमेनासे झाले. तिचीही अवस्था तीच.

माझ्या आईवडिलांनी कुरकुरत होकार दिला. मंजरीचे वडील शिशिरबाबू मात्र उत्तर कलकत्त्यातल्या बागबाजारचे. बंगालवर चालून येणाऱ्या मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला खणलेला खंदक त्यांच्याच भागातून सुरू होई. त्या स्वाऱ्यांना दोनशे वर्षे लोटली, तरी मराठी माणूस त्यांच्या लेखी लुटारू 'बर्गी'च. "बर्गीच्या घरी मुलगी देणार नाही!" ते कडाडले.

मी खचलो. बदली मागून निघून जातो, असे फादरना सांगितले.

"बदली नंतर माग. आधी चपला घाल," एवढेच म्हणून त्यांनी मला थेट बागबाजारला नेले.

शिशिरबाबूंनी त्यांचे आदराने स्वागत केले. फादरनी निवांतपणे चहा घेतला, संदेश नावाच्या मिठाईचे दोन तुकडे खाल्ले आणि बंगालीत म्हणाले, "शिशिरबाबू, मीही बर्गीच. माझं गाव त्याच मुलखातलं. आता मी प्यायलेला हा पेला फोडून टाकणार का?"

शिशिरबाबू गोरेमोरे झाले. मग त्यांनी मनातली खरी भीती बोलून दाखवली. "आणि तुम्ही दोघांना ख्रिस्ती करून टाकलंत, तर?"

फादर शांतपणे म्हणाले, "लग्न तुमच्या अंगणात, तुमच्याच पुरोहितांच्या हातून होईल. मी फक्त जेवायला येईन. मुलगा चांगला आहे, एवढंच सांगायला आलोय. बाकी मुलीला विचारा."

विचारायची वेळच आली नाही. दाराआडून मंजरी पुढे आली. "बाबा, मला हेच हवेत."

शिशिरबाबू उठले. मग आत वळून म्हणाले, "अजून मिष्टी आणा. जावई आलेत."

आजही ते शब्द आठवले की अंगावर काटा येतो!

हिंदू लग्नाला जाण्यावरून फादरना त्यांच्याच काही मंडळींनी बोल लावले. ते त्यांनी ऐकून घेतले आणि पंगतीला वेळेवर येऊन बसले. त्यांचे मोठेपण मला तिथे उमगले. ते स्वतःच्या श्रद्धेत इतके पक्के, की दुसऱ्याच्या अंगणात जायला त्यांना भीती नाही.

पुढे त्यांच्या बिशपपदाच्या दीक्षाविधीला आम्ही सहकुटुंब गेलो. आयुष्यात प्रथमच चर्चची पायरी चढलेले शिशिरबाबू कडक इस्त्रीचे धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले होते. विधी संपवून बिशपसाहेब बाहेर येताच ते गर्दीत घुसले, त्यांचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "हे आमचे घटक! माझ्या मंजरीचं लग्न यांनी जुळवलं!" घटक म्हणजे बंगालीत लग्न जुळवणारा. मोठमोठे धर्मगुरू अवाक् होऊन पाहत राहिले, आणि नवे बिशपसाहेब डोळ्यांत पाणी येईतो हसत होते.

बिशपसाहेब, ते हसू आम्हांला अजून पुष्कळ वर्षे ऐकायचे आहे. देव तुम्हांला निरोगी, उदंड आयुष्य देवो. कलकत्त्यात लग्नाची मुले-मुली अजून खूप आहेत!