दोन अंडी, टरफलासकट

हाडांच्या वॉर्डात ताटांची ट्रॉली घेऊन येणाऱ्या मावशी ठेंगण्या आहेत, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. सत्तावीस वर्षं त्या हेच काम करतात. नवरा लवकर गेला. त्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या सासूला अडीच वर्षं त्यांनी हाताने भरवलं आणि दोन मुलींना याच पगारावर शिकवलं. मी रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचं कार्यालय सांभाळतो. कोणत्या खाटेला कोणता आहार, त्या चिठ्ठीवर शिक्का माझा असतो, म्हणून मावशी मला ‘शिक्केवाले’ म्हणतात. आठ महिन्यांनी निवृत्त होईन. तेव्हा निरोपाच्या भाषणात हे कुणी सांगणार नाही, म्हणून आताच लिहितो.

नऊ नंबरच्या खाटेवर एक शिंपी होते. सगळे त्यांना मास्टर म्हणत. दुकानाच्या पायरीवरून पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, उजवं मनगटही मोडलं. खुब्याचं ऑपरेशन झालं, हाताला प्लास्टर घातलं. पण पडून पडून कमरेखाली जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. ती भरत नाही तोवर त्यांना बसवता येईना. आणखी काही आठवडे असेच गेले तर हा माणूस पुन्हा चालणार नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी मास्टरांच्या मुलीला सांगितलं होतं. त्यांनी जास्त प्रथिनांचा आहार लिहून दिला होता: रोजच्या जेवणासोबत दोन उकडलेली अंडी, चिकनचा तुकडा आणि दूध.

पंधरा दिवसांनी माझ्या टेबलावर चिठ्ठी आली. ‘रुग्ण आहार घेत नाही. विशेष आहार बंद करावा.’ मी शिक्का उचलला. तेवढ्यात ताटांची यादी न्यायला मावशी आल्या आणि त्यांनी टेबलापलीकडूनच चिठ्ठी उलटी वाचली.

“हे काय, शिक्केवाले?”

“मास्टर खात नाहीत. ताट भरलेलं परत येतं. तुम्हीच तर आणता.”

“आणते. अर्ध्या तासात उचलायचं असतं म्हणून आणते. पण ते नको म्हणत नाहीत हो.”

“मग खात का नाहीत?”

“चला, दाखवते. खुर्चीला चिकटला नसाल तर.”

एकतीस वर्षांच्या नोकरीत जेवणाच्या वेळी वॉर्डात मी पहिल्यांदाच गेलो. सांगायलाही लाज वाटते.

ताट पायथ्याच्या टेबलावर होतं, मास्टरांच्या हातापासून दोन वीत लांब. मावशींनी ते जवळ सरकवलं. अंडी टरफलासकट होती. सोललेल्या अंड्यांवर माश्या बसतात अशी तक्रार एकदा आली, तेव्हापासून टरफलासकट द्यायचं परिपत्रक आहे. ते मीच फाइलला लावलंय. दूध बंद पिशवीत, कारण ते सांडत नाही. चिकन हाडासकट. आणि समोर माणूस कोण, तर उजवा हात प्लास्टरमध्ये असलेला, उताणा पडलेला. मास्टरांनी डाव्या हाताने अंडं ताटाच्या कडेवर दाबलं. ते निसटलं आणि उशीखाली गेलं.

“राहू द्या,” मास्टर म्हणाले. “तशी भूक नाही.”

उभा जन्म ज्याने हाताच्या कसबावर काढला, तो माणूस अंडं सोलून द्या असं कुणाला म्हणेल? सिस्टर एकच, खाटा चौतीस. मुलगी होती, पण नातेवाईक रुग्णाचं जेवण खातात म्हणून त्यांना चार ते सहा, ताटं नसतानाच आत सोडायचं असा नियम. एकेक नियम घेतला तर चूक कुठेच सापडत नाही.

मावशींनी अंडं सोललं, चार तुकडे केले, मास्टरांची मान उचलून भरवलं. दोन्ही अंडी पाच मिनिटांत संपली. दुधाची पिशवी त्यांनी दातांनी फाडली आणि पेल्यात ओतली.

“मावशी,” तोंड पुसत मास्टर म्हणाले, “इतक्या कमरा मोजल्या, पण माझीच इतकी बारीक होईल असं वाटलं नव्हतं.”

मावशी हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पंधरा दिवस हा माणूस उपाशी होता आणि आपण सगळे कामावर हजर होतो.”

मी चिठ्ठी तशीच घेऊन आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. बाई कसली, तरुण पोरगीच आहे, चार मजले एकटी बघते. ती म्हणाली, “मलम वरून लागतं, काका. मांस आतून भरतं, आणि ते प्रथिनांनीच भरतं. खाण्यातून मिळाली नाहीत तर शरीर स्वतःच्याच स्नायूंतून काढून घेतं. मास्टरांच्या मांड्या बघितल्यात?” बघितल्या होत्या. काठ्या झाल्या होत्या.

आम्ही दोघं मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, “ताट गेल्याचं मला कळत होतं, परत आल्याचं कळत होतं. मधलं कोण सांगणार?” त्यांनी चिठ्ठी फाडली. मला मात्र राग आवरेना. मधलं म्हणजेच जेवण होतं. उपचार म्हणून लिहिलेलं अन्न पोटात गेलं की नाही हे बघणं आमच्यापैकी कुणाचंच काम नव्हतं. गोळी गिळली का, ते सिस्टर उभी राहून बघते. घास गेला का, ते कुणी बघत नाही.

मावशी रोज मास्टरांना भरवू लागल्या. मग अकरा नंबरचे आजोबा, मग दोन्ही हात बांधलेला गवंडी. ट्रॉली पुढच्या वॉर्डात वीस मिनिटं उशिरा पोचू लागली. तिथून तक्रार आली आणि मावशींना मेमो मिळाला: सेवेत दिरंगाई, सात दिवसांत खुलासा द्यावा. मावशींनी खुलासा मला तोंडी सांगितला, मी टाइप केला. ‘दिरंगाई झाली. माणूस जेवायला जेवढा वेळ लावतो तेवढीच झाली. पुढेही होईल.’ मी म्हटलं, शेवटचं वाक्य काढू या का? “तुमच्या घरचं काय जातंय?” त्या म्हणाल्या. ठेवलं. परिपत्रक बदलावं म्हणून मीही तीन अर्ज दिलेत. विषय विचाराधीन आहे, असं तिन्ही वेळा कळवण्यात आलं.

सहाव्या आठवड्यात जखम भरत आली. वॉकर धरून मास्टर उभे राहिले, थरथरत चार पावलं चालले. त्यांची मुलगी तोंडावर ओढणी धरून रडत होती. घरी सोडतानाचा कागद मी मुद्दाम मागून वाचला. ‘नवीन मलमाला उत्तम प्रतिसाद.’

कागद तसाच हातात घेऊन मी मावशींना शोधत गेलो. त्या चौदा नंबरला एका म्हाताऱ्याच्या तोंडाशी चमचा धरून बसल्या होत्या. मी वाचून दाखवायला लागलो.

“बाजूला व्हा, शिक्केवाले,” मान न वळवता त्या म्हणाल्या. “उजेड अडतोय. यांचं अजून अर्धं ताट राहिलंय.”